चिकटलं, पण पोचलं नाही

एम.फार्म.ला सरांनी मला विषय दिला आणि त्याचं उत्तरही सोबतच दिलं. तोंडाने घ्यायच्या औषधाच्या बारीक तेलकट थेंबांना धन भाराचा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, लावायचा. आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावर, म्हणजे म्युकसवर, ऋण भार असतो. थेंब त्याला चिकटतील, जास्त वेळ थांबतील, म्हणून औषधही रक्तात जास्त जाईल. "हे सिद्ध करायचं," सर म्हणाले.

मी पंचवटीत एका बाईंकडे भाड्याने राहत होते. खाटिकाकडून मी रोज बकऱ्याचं आतडं आणते हे कळल्यावर त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं. मी इंदिरानगरला गेले. आतडं काही सोडलं नाही.

ते धुऊन, काचपट्टीच्या कडेने म्युकस खरवडून मी प्रयोग लावले: मध्ये म्युकसचा थर, एका बाजूला थेंब, दुसऱ्या बाजूला द्रावण. थेंब खरंच चिकटले. पण चिकटले ते तिथेच अडकले. पलीकडच्या द्रावणात औषध जेमतेम उतरलं. तुलनेसाठी घेतलेले ऋण भाराचे थेंब मात्र बऱ्यापैकी पार झाले.

"म्युकस शिळं असेल," सर म्हणाले. मी ताजं आणून पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. आकडे तसेच आले.

"चिकटण्यापुरतंच लिही. औषध पार होण्याचा आलेख गाळ."

"नाही गाळणार, सर."

"मग माझी सही मिळणार नाही."

"मी थांबते," मी म्हणाले.

इगतपुरीला वडिलांना फोन केला. ते रेल्वेत गँगमन होते. सगळं ऐकून म्हणाले, "डिग्री नाय मिळाली तर घरी ये. खोटं नको लिहू."

बरोबरीच्या मुली अंबडच्या कंपन्यांत नोकरीला लागल्या, मी प्रयोगशाळेतच. शेवटी दुसऱ्या विभागातल्या एका मॅडमनी मार्ग काढला. त्यांनी बाटल्यांवर स्वतः अ, ब, क लिहिलं, कशात काय आहे ते एका चिठ्ठीवर लिहून बंद केलं आणि मला सांगितलंच नाही. प्रयोग झाल्यावर त्यांनी सरांसमोर चिठ्ठी उघडली. उत्तर तेच निघालं.

सरांनी सही केली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या गाइडचा अंदाज चुकला?"

सर शेजारीच बसले होते.

"हो," मी म्हणाले, आणि आकडे वाचायला घेतले.

गुण बेताचेच मिळाले. सर त्यानंतर माझ्याशी कधी बोलले नाहीत. मीही कधी माफी मागितली नाही.