पट्टी दोघींनी वाचायची

दवाखान्यात त्यांना सगळे वाफमावशी म्हणत. दातांच्या त्या दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात अवजारं वाफेच्या यंत्रात शुद्ध करून देणं हे त्यांचं काम, आणि राग आला की यंत्राआधी त्यांचीच वाफ बाहेर पडे, त्यामुळे नाव दोन्ही अंगांनी चपखल बसलं होतं. बावीस वर्षं झाली. खुर्च्या बदलल्या, डॉक्टर बदलले, मावशी मात्र सिंकशेजारच्या त्याच स्टुलावर. चिमटे, आरसे, पकडी घासायच्या, पाकिटांत भरायच्या, यंत्रात लावायच्या आणि प्रत्येक खेपेत बोटभर लांबीची एक जांभळी पट्टी ठेवायची. वाफ नीट लागली की ती हिरवी होते. हिरवी झालेली पट्टी वहीत चिकटवायची, खाली सही करायची. मावशींची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं डॉक्टरीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सोमवारी परवान्यासाठी तपासणी होती. येणाऱ्या तपासनीस बाई सिंकखाली वाकून बघतात अशी ख्याती. डॉक्टरीणबाईंनी भिंती पुसून घेतल्या, गेलेले दिवे बदलले, रात्रीची झोप घालवली. मावशींनी काही म्हणजे काही केलं नाही. "रोज झाडणाऱ्याला पाहुण्याचं कसलं भय?" असं ऐकवून त्या शनिवारी घरी गेल्या आणि सुनेचं स्वेटर पुरं करायला बसल्या.

रविवारी सकाळी सुनेने ते अंगात घातलं आणि खो-खो हसत सुटली.

"आई, ही कुठली नवी तऱ्हा? एक बाही हिरवी, एक जांभळी!"

"काहीतरीच बोलू नकोस. दोन्ही हिरव्या आहेत."

सून हसायची थांबली. तिने दोन्ही हात खिडकीपाशी उजेडात धरले. मावशींनी बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. दोन्ही बाह्या सारख्याच, मळकट, चहा सांडल्यासारख्या. डोळ्यांपुढे धूर असल्यासारखं वाटतं हे त्या वर्षभर म्हणत होत्या, पण वय झालं की व्हायचंच, म्हणून कुणाला दाखवलं नव्हतं. आता त्यांना आठवल्या त्या वहीतल्या पट्ट्या.

"चपला घाल," त्या सुनेला म्हणाल्या. "दवाखान्यात जायचंय. किल्ली माझ्याकडे आहे."

स्टुलावर सुनेला बसवलं आणि स्वतः उभं राहून त्या वहीची पानं उलटू लागल्या. सुनेने फक्त रंग सांगायचा. हिरवी, हिरवी, हिरवी. पाऊण तासात तिचा घसा सुकला. मध्येच मावशी एखाद्या पट्टीवर बोट ठेवून "नीट बघ गं" म्हणत आणि ती पुन्हा हिरवी म्हणे. वर्षभराच्या पानांत ती एकाच ठिकाणी अडली: अकरा आठवड्यांपूर्वीच्या एका बुधवारी, दुपारच्या दुसऱ्या खेपेपाशी.

"ही जांभळी आहे, आई."

मावशींना तो बुधवार आठवला. यंत्राच्या दाराचं रबर फाटलं होतं. दुरुस्तीवाला अवेळी उगवला आणि त्याने चालू यंत्र मध्येच बंद केलं. तेवढ्यात खुर्चीवरून हाक आली म्हणून त्या आत गेल्या आणि परत येऊन खेप झालीच आहे असं समजून पाकिटं रॅकवर लावली. पट्टी बघितली होती, हेही आठवलं. हिरवी दिसली होती. खाली सही होती, चांगली सुबक.

सुनेने इकडेतिकडे बघितलं. खेपेत कधी दोन पट्ट्या ठेवल्या गेल्या की जास्तीची ड्रॉवरमध्ये पडे. तिथे सात-आठ हिरव्या पट्ट्या होत्या.

"यातली एक इथे चिकटवू," ती हळूच म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. मी काय कुणीच नाही?"

"पण उद्या तपासणी आहे! बावीस वर्षांचं नाव मातीत जाईल. काम जाईल तुमचं."

"जाऊ दे. ती जाड पुठ्ठ्याची वही काढ. कुठलं पाकीट कुणाच्या तोंडात गेलं ते तिच्यात आहे."

त्या खेपेत पाच पाकिटं होती. एक अजून रॅकवरच होतं, चार वापरून झाली होती. सून वाचू लागली. पोस्टातले कारकून. शाळेतल्या बाई. बेकरीवाल्याचे वडील. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"वाच की."

"अक्कलदाढ," सून म्हणाली. "माझी."

मावशी खाली फरशीवरच बसल्या. घरच्या लेकीच्या उघड्या जखमेत गेलेली पक्कड त्यांनी आपल्या सहीनिशी दिली होती. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते दोन मिनिटं येऊ दिलं. आधी उठली ती सूनच. तिने ड्रॉवर धाडकन बंद केला.

"दाढेबरोबर अक्कलही गेली, असं तुम्ही मला चिडवलं होतंत," ती म्हणाली. "गेली नव्हती. आत्ता आलीय. डॉक्टरांना फोन लावा."

डॉक्टरीणबाई धावत आल्या, वही बघितली आणि रुग्णाच्या खुर्चीतच बसल्या. "मावशी, फक्त उद्याचा दिवस जाऊ दे. परवा चौघांनाही सांगू, मी शब्द देते."

"हिला आजच कळलंय," मावशी सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बाकी तिघांनी काय घोडं मारलंय?"

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. बेकरीवाल्याचे वडील असे कडाडले की स्टुलापर्यंत ऐकू आलं. मावशींनी फोन मागून घेतला. "चूक माझी आहे. शिव्या मला द्या, पण रक्त तपासायला उद्या सकाळी नक्की या." मग त्यांनी त्या पट्टीखाली लिहिलं: ही जांभळी आहे, मला हिरवी दिसली, चौघांना कळवलं. आणि सही केली.

सोमवारी तपासनीस बाई खरोखरच सिंकखाली वाकल्या. त्या उठेपर्यंत मावशींनी तेच पान उघडून समोर ठेवलं होतं. बाईंनी दोनदा वाचलं. खिशातून तीन पट्ट्या काढून ओट्यावर मांडल्या.

"रंग सांगा."

"नाही सांगता येत."

बाईंनी दयामाया दाखवली नाही. दवाखाना आठ दिवस बंद. सगळी अवजारं नव्याने शुद्ध करायची. यापुढे प्रत्येक पट्टी दोघांनी वाचायची, दोन सह्या. आणि डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत मावशींनी एकही पट्टी वाचायची नाही. शेवटचं वाक्य मावशींना सगळ्यात झोंबलं. जाताना बाई दारात थांबल्या.

"नजरअंदाजाने चालणाऱ्या दवाखान्यांच्या वह्या मी पुष्कळ बघते," त्या म्हणाल्या. "सगळ्या हिरव्यागार असतात. परवाना थांबवते आहे, रद्द करत नाही."

आठ दिवसांनी दवाखाना उघडला. मावशी नुसती अवजारं घासत राहिल्या आणि पट्ट्या दुसऱ्यांनी वाचल्या. तीन महिने असेच गेले. चौघांचे रक्ताचे पहिले रिपोर्ट स्वच्छ आले, मग तिघांचे दुसरेही. सुनेचा तेवढा राहिला होता, आणि मावशींना घास गोड लागत नव्हता. तो आला नेमका त्यांच्या डोळ्यावरची पट्टी निघायच्या दिवशी.

पट्टी निघाली तेव्हा समोर सून उभी होती, अंगात तेच स्वेटर.

"डावी हिरवी, उजवी जांभळी," मावशी म्हणाल्या. "अगं बाई, काय हे ध्यान! उसव ते आधी."

"मुळीच नाही उसवणार. हे घ्या." तिने बंद पाकीट पुढे केलं. सकाळपासून ते तिच्याजवळ होतं, पण तिने फोडलं नव्हतं. "तुम्हीच वाचा."

मावशींनी पाकीट फोडलं. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या शेवटपर्यंत गेल्या आणि त्यांनी कागद सुनेपुढे धरला.

"आता तू वाच. दोघींनी वाचायचं, नियम आहे."

सुनेने वाचलं. "स्वच्छ," ती म्हणाली.

"स्वच्छ," मावशी म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.