प्रतीवरचा अंगठा

झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की नाशिकच्या वाचनालयातली ती दुपार आठवते. मी पुस्तक चोरले, असे आजही सांगितले जाते. ते धादांत खोटे आहे. पेठ तालुक्याकडच्या लग्नगीतांचे ते बाजारात न मिळणारे पुस्तक मी रीतसर नेले आणि एक प्रत काढून त्याच दिवशी परत केले. “काका, कॉपीराइट नावाची काही गोष्ट असते,” माझ्या हातातली प्रत पाहून ग्रंथपालबाई सर्वांसमोर म्हणाल्या. “अभ्यासापुरती प्रत कायद्यालाही चालते, बाई,” मी म्हणालो. माझे सभासदत्व गेले. पुढे मूळ पुस्तक वाळवीने खाल्ले, तेव्हा त्याच बाई माझ्या दारी आल्या आणि मी माझी प्रत दिली. परवा वाचनालयात जाऊन ती पाहायला मागितली. पहिल्याच पानावर ‘झेरॉक्स काढण्यास मनाई’ असा वाचनालयाचा नवा शिक्का होता, आणि त्याखाली, झेरॉक्स काढताना पान दाबून धरल्यामुळे छापला गेलेला माझा अंगठा.