घोडा घरी पोचते, माही गॅरंटी

घोडा मेला आहे हे मला कळलं तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. खाली हॉल गच्च भरलेला होता आणि त्या सगळ्या पब्लिकला घोडा जिवंत घरी पोचतो असं आम्ही सकाळीच माईकवरून सांगून बसलो होतो. सांगणारा डोमाजी. सांगायला लावणारा मी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे पिक्चरची मशीन चालवणारा. लोकांना वाटतं, याची मजा आहे, फुकट पिक्चर पाहायला मिळतो आणि वर पगार. त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या केबिनमध्ये तासभर उभं राहून दाखवावं. त्या काळी पडद्यावरचा उजेड बल्बचा नसायचा. मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्याचा तो उजेड. बाहेर नागपूरचं ऊन आणि आत हा जाळ. मी बनियनवर काम करायचो आणि तेही पिळून वाळत घालायचो.

रविवारी सकाळी साडेदहाला आमच्याकडे इंग्रजी पिक्चरचा शो असे. तो मला जीव की प्राण होता. मी मॅट्रिक नापास माणूस, इंग्रजी येत होतं ते स्टेशनवरच्या पाट्यांपुरतं. पण हॉलिवूडचे चांगले पिक्चर मी इतके पाहिले की कोणता माणूस खोटं बोलतो आहे ते त्याच्या खांद्यावरून ओळखायचो. आठवडाभर तीच ती हिंदी मारामारी चालवून डोकं उठायचं आणि रविवारी सकाळी कुठल्या तरी लांबच्या गावातला कोणी म्हातारा पडद्यावर चुपचाप कॉफी प्यायचा. मला फार बरं वाटायचं.

पब्लिकला मात्र वाटत नसे. शोला येणार कोण, तर कॉलेजचे चार प्रोफेसर आणि पंख्याखाली झोपायला आलेले दहा-बारा जण. शेवटी मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. मालक म्हणजे भय्यासाहेब, धरमपेठेतले. माणूस दिलदार, पण मागच्या वर्षी एका हिंदी पिक्चरची फिल्म तुटली म्हणून पब्लिकनं नव्या रेक्झिनच्या खुर्च्या ब्लेडनं फाडल्या होत्या, तेव्हापासून धसका घेतलेला.

"वसंतराव, चार रविवार देतो," ते म्हणाले. "हॉल भरला तर ठीक. नाही तर सकाळी धार्मिक पिक्चर लावू."

"भरला तर कायम ठेवाल?"

"ठेवीन. पण एक खुर्ची फाटली तरी शो बंद."

पहिले दोन रविवार वाया गेले. मग माझ्या लक्षात आलं की पुढच्या स्वस्त तिकिटांच्या दारावर जरा गर्दी असते. तिथे डोमाजी डोअरकीपर होता. तिकीट फाडता फाडता तो लोकांना पिक्चरची स्टोरी सांगायचा. स्टोरी त्याला माझ्याकडून मिळायची. प्रिंट शनिवारी मुंबईहून रेल्वेनं यायची. आली की मी ती रिकाम्या हॉलमध्ये एकदा चालवून पाहायचो, कुठे फाटली आहे का, जोड सुटला आहे का ते बघायला. त्याला चेकिंग म्हणतात. ते झालं की चहा पिताना मी डोमाजीला सांगायचो आणि डोमाजी रविवारी आपलं तिखटमीठ लावून पब्लिकला सांगायचा. लोक आत जायचे ते डोमाजीच्या भरवशावर.

मी म्हटलं, मग दारावर कशाला, माईकवरच सांग. आमच्या केबिनमध्ये इंटरव्हलला गाण्याच्या रेकॉर्डी लावायची सोय होती, तिलाच माईक जोडला. तिसऱ्या रविवारी पिक्चर सुरू व्हायच्या आधी डोमाजीनं दहा मिनिटं स्टोरी सांगितली आणि अर्धा हॉल भरला.

चौथ्या रविवारचा पिक्चर घोड्याचा होता. अमेरिकेतला, काळा-पांढरा, भारी भारी बक्षिसं मिळालेला. एका गावात एक म्हातारा घोडागाडीवरून घरोघरी दूध घालतो. डेअरीवाले मोटर घेतात आणि घोडा कसायाला विकायला काढतात. म्हातारा रातोरात घोडा घेऊन पळतो. डोंगरापलीकडे मुलगी राहते, तिच्या घरी न्यायचं. वाटेत बर्फ. डोमाजीचे डोळे चमकले.

"वसंतभाऊ, हा तर टांगेवाल्यायचा पिक्चर हाय!"

डोमाजीचा साळा टांगेवाला होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत बर्डीच्या स्टँडपासून स्टेशनपर्यंत बातमी गेली.

इथे माझी चूक झाली. प्रिंट तीन पेट्यांत यायची, एका पेटीत दोन रिळं, एक रीळ सुमारे वीस मिनिटांचं. शनिवारी दोनच पेट्या उतरल्या. तिसरी कुठे तरी गाडीतच राहिली, ती रविवारी सकाळी येईल असं पार्सलवाल्यानं सांगितलं. मी चार रिळं पाहिली आणि डोमाजीला तिथवर सांगितलं.

"मंग पोचते का घोडा?" त्यानं विचारलं.

"पोचेल ना. एवढी बक्षिसं मिळाली, घोडा मारून मिळतात का?"

अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाचं हे बोलणं. बक्षीसवाल्या पिक्चरमध्ये शेवटी कोणी ना कोणी मरतोच, हे मी तोपर्यंत शेकडो वेळा पाहिलं होतं.

रविवारी सकाळी टॉकीजसमोर कडुनिंबाखाली तीस-पस्तीस टांगे उभे. घोड्यांच्या तोंडाला चाऱ्याच्या पिशव्या बांधून सगळे टांगेवाले आत. सगळ्यात पुढे झिंगरूजी. हा पासष्टीचा म्हातारा, भय्यासाहेबांचा नेहमीचा टांगेवाला. त्या दिवशी भय्यासाहेबही त्याच्याच टांग्यातून आले. ते बाल्कनीत, झिंगरूजी तिसऱ्या रांगेत. हाउसफुल्लचा बोर्ड रविवारच्या सकाळी पहिल्यांदा लागला, त्यावरची धूळ मी स्वतः पुसली.

डोमाजी माईकवर रंगात आला. स्टोरी सांगून झाली तसं खालून कोणी तरी ओरडलं, "शेवटी का होते गा? घोडा वाचते का?"

"घोडा घरी पोचते!" डोमाजी म्हणाला. "माही गॅरंटी!"

टाळ्या पडल्या.

तिसरी पेटी आली ती पिक्चर सुरू झाल्यावर. पाचवं रीळ मी वेळेवर मशीनवर चढवलं. आमच्याकडे दोन मशिनी असतात. एकीवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल ठिपका दिसतो. तो दिसला की दुसरी चालू करायची. पब्लिकला सांधा कळत नाही. पाचवं चालू असताना मी सहावं, म्हणजे शेवटचं, टेबलावर घेतलं आणि बल्बसमोर फिल्म सरकवत पाहू लागलो. बर्फ. बर्फ. म्हातारा. आणि मग घोडा आडवा. पुढे सरकवलं. घोडा आडवाच. आणखी सरकवलं. म्हातारा एकटा चालतो आहे.

मी डोमाजीला वर बोलावलं आणि फिल्म दाखवली.

"मेला?"

"मेला."

"काहून मेला? मी तर जिता सांगून राहिलो होतो!"

"बर्फानं मेला. आता बोल काय करायचं."

डोमाजी स्टुलावर बसला. "बाप्पा! माह्या साळ्यानं तर घरचे सारे आणले हायेत. लावूच नका ना हे शेवटचं रीळ."

"मग पिक्चर डोंगरात संपेल. दोघं अधांतरी. खुर्ची एक नाही, सगळ्या फाटतील."

"मंग तेवढा घोडा कापा. कैची हाय ना तुमच्यापाशी."

कैची होती. जोडायचं सोल्युशनही होतं. दोन मिनिटांचं काम. पण माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की तुटलेली फिल्म जोडायची, चांगली फिल्म कापायची नाही. दुसऱ्यानं केलेला पिक्चर आहे, आपण फक्त उजेड देणारे. शो गेला तर माझा रविवार जाणार होता, आणि खरं सांगतो, मी कैची हातात घेतलीही होती. मग खाली ठेवली. आपण हे केलं तर पुढे कोणताच पिक्चर निवांत पाहता येणार नाही असं वाटलं.

"डोमाजी," मी म्हटलं, "माईक घे. घोडा पडला की आवाज मी कमी करतो. तू सांग की घोडा थकला, झोपला. सकाळी जाईल."

"जमते का असं?"

"इंग्रजी कोणाला कळतं?"

ठिपका दिसला. मी मशीन बदलली.

पडद्यावर घोडा दोन पावलं चालला, गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. डोमाजी माईकमध्ये म्हणाला, "घाबरू नका, भावांनो! घोडा थकला हाय. झोपून राहिला हाय. म्हाताऱ्यानं त्याले आपला कोट पांघरला, पाहा."

कोट खरंच पांघरला होता. मला वाटलं, निभावलं. मग म्हाताऱ्यानं घोड्याच्या गळ्यातला घुंगराचा पट्टा सोडवला, हातात घेतला, आणि तसाच बसून राहिला.

"घुंगरू का काढले," डोमाजी म्हणाला, "तर घोड्याची झोप मोडू नये म्हणून."

"डोमा!"

तिसऱ्या रांगेत झिंगरूजी उभा राहिला होता. पडद्यावर त्याच्या फेट्याची सावली पडली.

"घोड्याच्या गळ्यातले घुंगरू आमच्यात एकदाच उतरवते गा," तो म्हणाला. त्याला माईकची गरज नव्हती. "तो मेला. तुले नाही समजत, त्या म्हाताऱ्याले समजते. बंद कर तुहा भोंगा. पाहू दे."

डोमाजीनं चटका बसल्यासारखा माईक सोडला. मी पिक्चरचा आवाज वाढवला आणि खिडकीला डोळा लावून ब्लेड कोणाच्या हातात दिसतं का ते पाहू लागलो.

कोणी उठलं नाही. पडद्यावर म्हातारा बर्फातून चालत मुलीच्या दारात गेला. मुलगी काही तरी विचारते. तो घुंगरं तिच्या हातात देतो. संपलं. मी दिवे लावले. हॉलभर माणसं फेट्याच्या शेवानं तोंड पुसत होती. नुसता घाम असेल म्हणावं तर बाल्कनीत गारव्याला वाळ्याचे ओले पडदे होते आणि भय्यासाहेबही पुसत होते. मलाही रडू आलं. घोड्यासाठी आलं की शो वाचला म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही.

डोमाजी मार खायच्या तयारीनं दारावर जाऊन उभा राहिला. झिंगरूजी त्याच्यासमोर थांबला. "गॅरंटी देत जाऊ नको गा जनावराची," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

खरी गंमत पुढेच. भर बाराच्या पुढचं ऊन, डांबर चपलेला चिकटतं आहे, आणि तीस-पस्तीस टांगेवाले आपापल्या घोड्याला पाणी पाजत, मान खाजवत उभे. गिऱ्हाईक आलं तर नाही म्हणत होते. भय्यासाहेब बाहेर आले आणि सवयीनं झिंगरूजीच्या टांग्यावर पाय ठेवला.

"उतरा, भय्यासाहेब," झिंगरूजी म्हणाला. "आज कोणी बसत नाही. मी बी नाही बसत."

"अरे, धरमपेठ केवढी दूर! ऊन तर पाहा!"

"ऊन त्यालेबी लागते न जी."

मी केबिनच्या खिडकीतून पाहत होतो. झिंगरूजीनं लगाम धरला आणि चालू लागला. मागे घोडा, घोड्यामागे रिकामा टांगा आणि टांग्याच्या बाजूनं डोक्यावर रुमाल टाकून आमचे भय्यासाहेब. त्या दुपारी बर्डीवर एक टांगा मिळाला नाही. लोक सामान डोक्यावर घेऊन स्टेशनला गेले आणि त्यांना कारण शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी भय्यासाहेबांनी मला बोलावलं. पाय टेबलावर, अंगठ्याला फोड.

"खुर्च्या?"

"एक नाही फाटली."

"शो कायम," ते म्हणाले. "हाच पिक्चर पुढच्या रविवारीही ठेवा. आणि तो माईक काढून टाका."

माईक काढला. डोमाजी पुन्हा दारावर सांगू लागला, पण चार रिळांपुरतंच. पुढचं विचारलं तर म्हणायचा, "आत जाऊन पाहा जी, मले नाही माहीत." मी मात्र त्यानंतर शेवटचं रीळ सगळ्यांत आधी पाहायची सवय लावून घेतली. रिटायर होईपर्यंत ती सुटली नाही.

आता नातेवाईक, शेजारी विचारतात, काका, हॉलिवूडचे चांगले पिक्चर कोणते, यादी द्या. मी देतो. वर एवढंच सांगतो, की बक्षीस मिळालेला असेल तर जाताना टांग्यानं जा, पण परत पायी यायची तयारी ठेवा.