राजदीपचं वासाचं शास्त्र

मारेगावच्या अलीकडच्या तांड्यात आपल्याएवढं शिकलेलं कोणी नाही, हे राजदीपचं मत. शेतीची पदविका दोन वर्षांची असते. त्यानं ती तीन वर्षांत पूर्ण केली. म्हणजे मी इतरांपेक्षा वर्षभर जास्तच शिकलो, असं तोच सांगतो.

अर्ध्या एकरात त्याचं उन्हाळी टमाटर, तांड्याच्या तोंडी भेदरं. शिवाय एक पांढरी डुकरीण आणि तिचे दोन खच्ची केलेले भाऊ. दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी भेदऱ्यांचं वावर एका रात्रीत लोळवलं होतं. म्हणून गेल्या चैत्रात बापानं, भावसिंगनं, बजावलं, "या खेपी भेदरं गेली तं तुह्ये डुकरंबी गेले समज."

तांड्यात सगळे वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. त्या फडफडल्या की रानडुक्कर बिचकतं. राजदीपची आई बसंतीबाई चार साड्या घेऊन आली, तर हा हसला.

"याडी, साडीले कायचं भेते ते? मी शास्त्रानं करून राह्यलो."

शास्त्र असं, की पाळीव डुकरांचा वास आला की रानातली समजतात, हा मुलूख दुसऱ्याचा. म्हणून त्यानं जंगलाकडच्या कोपऱ्यातच डुकरांचा बांबूचा कोठा बांधला.

आणि खरंच! मे संपत आला, पानं वळली, फळं उन्हानं एका अंगानं भाजून पांढरी पडली, पण रानडुकरानं एक झाड मोडलं नाही. भाजकी फळं डुकरांना, चांगली बाजारात. एका सकाळी मात्र कोठ्याचे दोन बांबू मोडलेले दिसले, बाहेर मोठ्या खुरांचे ठसे. राजदीपनं शेजारच्या खेमसिंगला तिथंच उभं करून अर्धा तास व्याख्यान दिलं.

"पाहा काका, आलतं. वास घेतला अन् पळालं!"

"पळालं तं बांबू कोणं मोडले?"

हा प्रश्न शास्त्रात बसत नव्हता. राजदीपनं तो सोडून दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी डुकरीण व्याली. सहा पिल्लं. सहाही तपकिरी, पाठीवर खारीसारखे पट्टे, रानडुकराच्या पिल्लांना असतात तसे. अख्खा तांडा लोटला. सजवलेल्या बैलांकडे दुसऱ्या दिवशीही कोणी धड पाहिलं नाही.

"अरे, ते भेदरं खायले आलतंच कधी?" बसंतीबाई तोंडाला पदर लावून म्हणाली. "ते सोयरीक कराले आलतं. अन् कोपऱ्यात मांडव तं तूच घालून देल्ला!"

राजदीपला हसणाऱ्यांचं काही नव्हतं. तो बापाकडे बघत होता. आता डुकरं गेली, असंच त्याला वाटत होतं.

भावसिंगनं पिल्लं मोजली. मग पुन्हा मोजली. "भेदरं शाबूत राह्यली," तो म्हणाला. "बोललो तसं. राहू दे डुकरं." एक पिल्लू उचलून त्यानं राजदीपच्या नाकाशी धरलं. "हुंग बरं. शास्त्राचा येते का वास?"

यंदा भेदऱ्यांची रोपं लागली आणि राजदीप आईसमोर जाऊन उभा राहिला.

"याडी, जुन्या साड्या हायेत का?"

"भेदऱ्यायले?"

"नाही," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "डुकरिणीच्या कोठ्याले."

बसंतीबाईनं पेटी उघडली आणि शोधून शोधून लग्नातली लाल साडी आधी काढून दिली.