पिशव्यांची रांग

नजर गेली, पण चक्की राहिली. कामरगावात पिठाची एक चक्की आमची आहे. दळणातले गहू, ज्वारी, डाळ हाताला कळतात, पीठ बारीक की जाड हे चिमटीत कळतं. अडायचं ते एवढंच, की कुठली पिशवी कुणाची.

त्यावर फोनने तोड काढून दिली. दळण आलं की पिशवी भिंतीपासून रांगेत ठेवायची आणि फोनला सांगायचं, पहिली अमक्या घरची, दुसरी तमक्या घरची. दळून झालं की पिशवी परत तिच्याच जागी. कुणी न्यायला आलं की मी फोनला विचारायचो आणि तो जागा सांगायचा. त्यातली बाई इतकं शुद्ध बोलते, की गावानं तिला माझी दुसरी बायको ठरवून टाकलं होतं. पहिलीही हसायची. मला मात्र त्या बाईमुळे कुणाला हाक मारावी लागत नव्हती, आणि त्याचा मला माज होता म्हटलं तरी चालेल.

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी रांग लांबली होती. एका घरचे पुरणपोळीचे गहू होते, दुसऱ्या घरचे तेरवीचे. दोन्ही पिशव्या सारख्याच, बाजारातल्या पांढऱ्या. दोन्ही दळून मी जेवायला घरात गेलो. तेवढ्यात बायकोनं चक्की झाडली, दारापासून लक्ष्मीची पावलं काढली आणि पावलांच्या वाटेत येतात म्हणून पिशव्या उचलून पलीकडे नव्या क्रमानं नीट लावल्या. सणाचं घर आहे, कुणीही हेच केलं असतं. मला सांगायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

मी फोननं सांगितलेल्या जागेवरून पिशव्या दिल्या.

तेरवीवाल्यांचं पीठ जास्त भरलं म्हणून ते विचारायला आले, तेव्हा उलगडा झाला. तोवर सुतकाच्या घरच्या पिठाच्या पोळ्यांचा नैवेद्य महालक्ष्म्यांना दाखवून झाला होता.

पुरणपोळीवाल्या घरची बाई आली. तिनं भांडावं, पिशवी अंगावर फेकावी, म्हणून मी उभाच राहिलो. माझ्या जागी डोळस माणूस असता तर तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी तिला सांगितलं की पिशव्यांची जागा बदलली होती, चूक डोळ्यांची नव्हे. ती हळू आवाजात म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. तुमाले काय म्हणाव?"

तेवढ्यानं मी खचलो. शिवी दिली असती तर दुसऱ्या दिवशी चक्कीवर ताठ उभा राहिलो असतो.

बायको रात्रभर रडली. तिनं स्वतःला बोल लावून घेतला, आणि सकाळी माझ्याआधी चक्कीवर जाऊन बसली. म्हणाली, "आता नंबर मीच पाहतो. तुमी आरामात बसा." फोनमध्ये सांगून ठेव म्हटलं तर म्हणाली, मले दिसते ना, फोन कायले पाहिजे. तिचं खोटं नव्हतं. हळूहळू दळण टाकणंही तिनंच घेतलं. ती थकते, मला ऐकू येतं. मी म्हणतो, सरक. ती सरकत नाही.

आता मी दाराजवळच्या बाकावर असतो. परवा एक बाई आली, माझ्या शेजारी पिशवी ठेवली आणि आत बायकोला विचारलं, "भाऊ झोपले काय?"

बायको म्हणाली, "नाही, अशेच बसले हायेत."