मनीषाच्या मागे मी उभी होते

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी हा विषय टाळते — म्हणजे बघा. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मनीषाला ओळखत नाही, बहुतेक म्हणूनच.

मनीषा माझी शेजारीण. चारकोपला आमची दारं समोरासमोर. जिमच्या दुपारच्या लेडीज बॅचला तिला मीच ओढून नेलं होतं. घरी बसून चहा-खारी खाणारी बाई — आणि काही महिन्यांत स्क्वॉटच्या मशीनवर माझ्याहून जास्त वजन घेऊन बैठका मारायला लागली! बायका टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवायचे. आतून किती जळायचे, ते माझं मला ठाऊक.

आता हे मशीन कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यात खांद्यांवर घ्यायचा बार दोन उभ्या रुळांत बसवलेला असतो. सरळ खाली, सरळ वर. कलायचा प्रश्नच नाही. दमलात, की मनगटं वळवायची — बार हुकात अडकतो, तुम्ही मोकळ्या. सुट्ट्या बारला यातलं काहीच नसतं. तोल आपला आपण सांभाळायचा. म्हणून मशीनवरून सुट्ट्या बारवर येताना आधी नुसता बार घ्यायचा, वजन नंतर. मी आले तेव्हा ट्रेनरने हे मला चांगलं दटावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही.

त्या दुपारी ट्रेनर जेवायला गेला होता. मनीषा मशीनवरून बाजूला झाली, घाम पुसत हसत होती. आणि मी म्हणाले, "मशीनचं काय गं, तो पांगुळगाडाच. दम असेल तर सुट्ट्या बारवर करून दाखव ना!"

सगळ्या खिदळल्या. ती पण.

"मागे उभी राहशील?" एवढंच तिने विचारलं.

"मग काय, सोडून जाणारे?"

वजन मीच चढवलं. मशीनवर होतं तेवढंच. तिला इजा व्हावी असं मला वाटत होतं का? नाही. पण तिची फजिती व्हावी असं वाटत होतं. सगळ्यांसमोर व्हावी. खरं तेच आहे.

ती खाली बसली. वर येताना मध्येच अडकली. माझे हात तिच्या काखांखाली तयार होते, फक्त धरायचं होतं. आणि मी — थांबले. घाबरून नाही. समोरच्या आरशात तिचा लालबुंद चेहरा दिसत होता, मागच्या बायका दिसत होत्या, आणि माझ्या मनात आलं, बघू देत. जरा बघू देत सगळ्यांना.

तेवढ्यात तिची मनगटं वळली. मशीनच्या सवयीने ती हुक शोधत होती. सुट्ट्या बारला कुठला आलाय हुक? बार डावीकडे कलला, तिची पाठ पिळवटली, आणि बारसकट ती खाली गेली. तेव्हा मी ओरडले. तेव्हा मी धरलं. सगळं केलं, पण वेळ निघून गेल्यावर.

मणक्याचं ऑपरेशन झालं. ती चालते, पण मांडी घालून बसता येत नाही, आणि ओट्याशी फार वेळ उभं राहिलं की कळ येते. हॉस्पिटलमध्ये मी तिला सांगितलं, "घामाने हात निसटले गं माझे." तिने माझाच हात धरला आणि म्हणाली, तू नसतीस तर मेलेच असते. तिची आई मालवणहून आली होती. माझ्या पाया पडायला वाकली. "तू होतंस म्हणान माझां चेडू वाचलां," म्हणाली. मी त्या म्हातारीला वरच्या वर धरलं. तेव्हा मात्र माझे हात अगदी वेळेवर पुढे झाले.

कुणी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं का? माहीत नाही. तिची मनगटं मात्र मला अजून दिसतात. ती समोर कुलपात किल्ली फिरवते, मी माझ्या दारात दुधाची पिशवी घ्यायला वाकलेली असते — आणि मला घाम फुटतो. "बीपी चेक करून घे गं," ती म्हणते. काळजीनेच म्हणते.

गेल्या आठवड्यात ती लेकीला घेऊन आली. सई कॉलेजला जाते आता. तिला जिम लावायची आहे, आणि बैठकाही सुट्ट्या बारवरच मारायच्या आहेत. मला वाटलं, मनीषा नको म्हणेल. ती म्हणाली, "शिकू दे. पण हिच्या मागे तूच उभी राहा हं. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."

सई चप्पल घालून बाहेर गेली होती. घरात आम्ही दोघीच होतो. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

मी हो म्हटलं. सई सोमवारपासून येतेय.