बाबांच्या तोंडाची तपासणी

आमच्या घरात कॅन्सर ओळखायचं पहिलं यंत्र म्हणजे पाणीपुरी. सुरतेत आमच्या डिंडोलीच्या नाक्यावर बाबा पुरी तोंडाशी नेत आणि ती आत जायच्या आधीच फुटून शर्टावर सांडे. वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा मावा चघळून जबडा आवळत चालला होता, पण बाबांचं निदान वेगळं. "आते पुऱ्याच मोठ्या व्हई ग्यात," असं ते गाडीवाल्याला सुनवायचे. सुरतेतल्या सगळ्या पाणीपुरीवाल्यांनी मिळून आमच्या बाबांविरुद्ध कट केला असणार!

जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलत. एरवी दिवसभर उघडं असणारं तोंड डॉक्टरचं नाव काढलं की मिटायचं. सुई टोचतील, मांस कापतील, ही भीती. मी समजावलं, बाबा, सुई नाही, काप नाही, नुसती बॅटरी मारून बघतात.

"मंग तो काय कामना डॉक्टर?" बाबा म्हणाले.

शेवटी सोसायटीच्या हॉलमध्ये तोंड तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा आईनं त्यांना बखोट धरूनच नेलं. मागून मी. वाटभर आई तंबाखूवर प्रवचन देत होती आणि बाबा फाशीला निघाल्यासारखे चालत होते.

डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. बाबांची दोनही जाईनात. मग बॅटरीच्या उजेडात गाल, जीभ, टाळू बघून झालं. डाग नव्हता. मावा आजपासून बंद आणि जबड्याचे व्यायाम रोज, एवढंच. बाबा निवडणूक जिंकल्यासारखे उठले.

डॉक्टरांचं लक्ष आईच्या काळ्या दातांकडे गेलं आणि त्यांनी तिलाही तोंड उघडायला सांगितलं. "बेन, तमे पण मोढुं खोलो."

आई पदर तोंडाला लावून हसली. "मी काय तंबाखू खास का? मी ते दात घासस."

तिचं दात घासणं म्हणजे मिसरी. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर चोळायची. आमच्या खानदेशी बायका तिला तंबाखूत धरतच नाहीत. ते व्यसन नव्हे, ती स्वच्छता!

डॉक्टरांनी तिच्या खालच्या ओठाच्या आत बराच वेळ बघितलं. मग एक निळं औषध देऊन चूळ भरायला लावली, नंतर साध्या पाण्याची. सगळीकडचा निळा रंग धुऊन गेला. ओठाच्या आतला एक ठिपका तसाच निळा राहिला; असा ठिपका मोठ्या दवाखान्यात तपासून घ्यावा लागतो, असं डॉक्टर म्हणाले. मला भीती वाटली.

पुढे मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. छोट्या ऑपरेशनवर निभावलं.

टाके काढायच्या दिवशी तिथले डॉक्टर बाबांना म्हणाले, "बरं झालं, यांना वेळेवर तपासायला आणलंत."

आईला कुणी आणलंच नव्हतं. ती बाबांना घेऊन आली होती.